हार्लेखचा किल्ला ३७ माणसांनी लढवला, तो नेमका कसा?

मृगनक्षत्र

नमस्कार मंडळी. मध्ययुगीन युरोपवर इथे बरेच जाणकार लिहितात, म्हणून धागा काढतेय.

मी किशोरांसाठी एक कादंबरी लिहायला घेतली आहे. काळ १२९४-९५ चा हिवाळा, जागा वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हार्लेखचा किल्ला. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर तिथे जे किल्ले उभारले त्यातला हा एक. १२९४ च्या सप्टेंबरअखेरीस वेल्श सरदार मादोग आप लिवेलिनने बंड पुकारलं, बंडवाल्यांनी हार्लेखची जमिनीकडची वाट पार बंद केली, तरी किल्ला पडला नाही. माझा नायक किल्ल्यातल्या लोहाराचा बारा वर्षांचा मुलगा आहे.

अडलंय ते आकड्याशी. किल्ला ३७ जणांनी राखला असं वाचलं. मनात मात्र भरलेला किल्ला आहे: तटावर खांद्याला खांदा लावून उभे शिपाई, अंगणात घोडे, चिलखत घातलेले नाइट, मुदपाकखान्यात धावपळ. ३७ माणसांत हे कसं बसवू? एवढी कमी शिबंदी नेहमीचीच होती, की बंडाच्या वेळी पळापळ होऊन तेवढेच उरले? आणि त्या ३७ मध्ये असतं कोण कोण? माझ्या लोहाराला त्यात जागा आहे का, हे सगळ्यात आधी सांगा.

जुनी वही

लोहाराला जागा आहे, पक्की आहे. राजाच्या हुकमातच आहे.

३७ हा आकडा तुम्हाला कमी वाटतोय, पण हार्लेखच्या मूळ नेमणुकीपेक्षा तो जास्त आहे. १२८४ मध्ये एडवर्डने उत्तर वेल्सच्या किल्ल्यांची शिबंदी ठरवून दिली, त्यात हार्लेखला लढती माणसं ३० च. त्यातले १० क्रॉसबोवाले, म्हणजे आडवं यांत्रिक धनुष्य चालवणारे. मग एक पाद्री, एक क्रॉसबो दुरुस्त करणारा, एक सुतार, एक लोहार, एक पाथरवट. उरले पंधरा. दरवाजावर कोण बसणार, रात्री तटावर कोण फिरणार, पाणी-लाकूड-दाणागोटा कोण बघणार, हे सगळं त्या पंधरांतून भागवायचं. किल्लेदाराला वर्षाला १०० पौंड मिळत आणि शिबंदीचा खर्चही त्याने त्यातूनच करायचा. कॉन्वी हार्लेखपेक्षा केवढा तरी मोठा, शिवाय त्याला जोडून तटबंदीचं शहर. तिथेही नेमणूक ३० चीच, फक्त क्रॉसबोवाले १५. कार्नार्व्हनला ४०.

म्हणजे पळापळ वगैरे काही नाही, शांततेच्या काळात किल्ला असाच असे. चित्रांतून जो गजबजलेला किल्ला आपल्या डोक्यात बसतो तो उमराव मुक्कामाला आलेल्या दिवसांचा. १२६५ सालच्या हिशेबाची एक गुंडाळी टिकून राहिली आहे, लेस्टरची काउंटेस एलेनॉर हिच्या घरखर्चाची. रोज किती भाकरी, किती दारू, किती मासळी, किती घोड्यांना दाणा, असं सगळं त्यात आहे. ती ओडिहमच्या किल्ल्यात असताना मार्चमध्ये तिचा नवरा सायमन द माँफर्ट आपला लवाजमा घेऊन आला, आणि दाणा खाणारे घोडे चाळीस-पंचेचाळीसवरून थेट तीनशेच्या पुढे गेले. पंधरवड्याने तो निघून गेला आणि आकडा परत खाली आला. मला ही नोंद फार आवडते. किल्ला कसा भरायचा आणि कसा रिकामा व्हायचा ते घोड्यांच्या दाण्यावरून इतकं स्वच्छ दिसतं की वेगळ्या वर्णनाची गरजच राहत नाही. उमराव निघाला की भिंतीवरचे पडदे, बिछाने, भांडी, प्रार्थनेचं सामान गाड्यांवर चढायचं. मागे राहायचा किल्लेदार, थोडे पहारेकरी, उघड्या भिंती.

किल्ला बांधायला मात्र माणसांचा समुद्र लागे. उत्तर वेल्समधल्याच बोमारिस किल्ल्याचं काम चालू असताना, फेब्रुवारी १२९६ मध्ये, तिथला मुख्य स्थपती मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज (हार्लेखही त्याचंच काम) आणि त्याचा जोडीदार वॉल्टर यांनी खजिन्याला पत्र लिहिलं. आठवड्याला एवढा पैसा जातो कुठे असं तुम्ही विचाराल, म्हणून त्यांनी मोजून सांगितलं: ४०० गवंडी, २,००० मजूर, खाणीत दगड काढणारे २००, लोहार-सुतार ३०, शिवाय शंभर छोट्या गाड्या, साठ मोठ्या गाड्या, दगड आणि कोळसा आणणाऱ्या ३० नावा. बंड नुकतंच मोडलेलं, धास्ती कायम, आणि तरी त्याच पत्रात राखणीला मोजलेली माणसं १० घोडेस्वार, २० क्रॉसबोवाले आणि १०० पायदळ. पगार थकलेत, लोकांना पोटाला काही नाही, हेही त्यांनी लिहिलंय.

हार्लेख कसा टिकला ते दगडातच आहे. किल्ला साधारण ६० मीटर उंच खडकाच्या टोकावर. शिडी लावून चढता येईल अशी बाजू फक्त पूर्व आणि दक्षिण, आणि त्या दोन्ही बाजूंना खडक फोडून काढलेला रुंद खंदक. दरवाजाची इमारत म्हणजे स्वतंत्र बालेकिल्लाच. आत शिरायच्या बोळात एकामागून एक तीन लोखंडी जाळ्या वरून खाली सोडता येतात, मध्ये दारं आहेतच. बाहेरचा तट बुटका, आतला उंच, त्यामुळे बाहेरच्या तटावर शत्रू आलाच तर आतल्यांच्या तो थेट माऱ्याखाली. अशा जागी दहा क्रॉसबोवाले योग्य ठिकाणी बसवले की पुष्कळ काम होतं. मादोगच्या लोकांकडे दगडी तट फोडायची यंत्रं नव्हती. त्याच बंडात कार्नार्व्हन त्यांनी घेतलं, कारण तिथला किल्ला तेव्हा अर्धवट होता आणि शहराच्या बाजूला नुसता खंदक. शेरीफ रॉजर द पुल्सडन तिथे मारला गेला.

म्हणून कादंबरीत गर्दी वाढवू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. तटाच्या एका टोकाला पहारेकरी, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मधे कोणीच नाही. बारा वर्षांच्या पोराला रात्री तो तट चालत जायला लावा.

नाइटांचं म्हणाल तर ते ठेवू नका, फार तर किल्लेदाराला मान द्या. एडवर्डच्या फौजेत नाइटचा रोज २ शिलिंग, म्हणजे २४ पेन्स. क्रॉसबोवाल्याला ४ पेन्स. भिंतीआड बसून राखण करायला सहापट पगाराचा माणूस आणि त्याचे घोडे पोसायला कोणी तयार नसे.

खडकवाट

जुनी वही यांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे भरगच्च. पण सगळे किल्ले मूठभरांनीच राखले असा समज व्हायला नको, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

१२१५ मध्ये बंडखोर सरदारांनी इंग्लंडमधला रॉचेस्टरचा किल्ला घेतला तेव्हा आत शंभराच्या आसपास नाइट होते, शिवाय त्यांचे शिपाई. जॉन राजाने स्वतः वेढा घातला, ११ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर. इतकी माणसं आत असली की लढायला बळ असतं हे खरं, पण तेवढी तोंडंही असतात. रॉचेस्टरची कोठी आधीच रिकामी होती, शेवटी त्यांनी आपले महागडे लढाऊ घोडे कापून खाल्ले. लढू न शकणाऱ्यांना बाहेर काढलं, आणि त्यातल्या काहींचे हातपाय जॉनने तोडले असं एका मठातल्या बखरीत आहे.

तिथला सुरुंगही सांगण्यासारखा. बालेकिल्ल्याच्या आग्नेय कोपऱ्याखाली बोगदा खणून तो लाकडांनी टेकवला होता. २५ नोव्हेंबरला जॉनने ह्यूबर्ट द बर्गला हुकूम धाडला: ४० डुकरं पाठव, भरपूर चरबीची, खायला फारशी चांगली नसलेली चालतील. ती चरबी घालून टेकू पेटवले, टेकू जळाले, वरचा कोपरा कोसळला. आतले तरी हटले नाहीत, बालेकिल्ल्याच्या मधल्या आडव्या भिंतीमागे सरकून लढत राहिले. नंतर तो कोपरा पुन्हा बांधला तो गोल. आजही जाऊन पाहिलंत तर तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल दिसतो.

मृगनक्षत्र, तुमच्या ३७ जणांना निदान ही धास्ती नव्हती. अखंड खडकात असा बोगदा कोण खणणार?

रानजाई

बायकांचा विषय अजून कोणी काढला नाही म्हणून लिहिते. हार्लेखच्या बाबतीत तर तो काढायलाच हवा.

१२८५ पासून हार्लेखचा किल्लेदार होता जॉन द बाँव्हिलार्स, मूळचा आल्प्सजवळच्या सॅव्हॉय प्रांताकडचा. १२८७ मध्ये दक्षिण वेल्समधल्या ड्रिस्लुइनच्या वेढ्यात तो मेला. त्यानंतर हार्लेखचा कारभार कोणाकडे गेला? त्याच्या विधवेकडे, अ‍ॅग्नेसकडे. १२९० पर्यंत किल्लेदारी तिची. मनात आणून बघा, किल्ल्याचं बांधकाम १२८९ पर्यंत चालू होतं. म्हणजे शेवटची दोन वर्षं किल्ल्यात गवंडी, पाथरवट, चुन्याच्या भट्ट्या आणि शिबंदी, आणि या सगळ्यावर किल्लेदार म्हणून एक बाई. तिच्यानंतर खुद्द मास्टर जेम्स, १२९३ पर्यंत. ज्याने बांधला तोच राखायला.

तुमच्या लोहाराच्या पोराचं वय १२९४ मध्ये बारा असेल तर अ‍ॅग्नेसबाईंचा काळ संपला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याला त्या आठवतील. हे तुम्ही वापरलंच पाहिजे.

आणि ही एकटीच नव्हे. लिंकनची निकोला द ला हे ही वारसाहक्काने किल्लेदार होती. म्हातारी झाले, आता किल्ल्या घ्या, म्हणून ती जॉन राजाकडे गेली तर त्याने त्या परत तिच्याच हातात दिल्या. ऑक्टोबर १२१६ मध्ये त्याने मरता मरता तिला लिंकनशायरची शेरीफ केलं, आणि २० मे १२१७ ला लिंकनची लढाई झाली तेव्हा किल्ला तिच्याच ताब्यात होता, शत्रू शहरात शिरलेला असताना.

लहान मुलांचं म्हणाल तर हार्लेखच्या पायथ्याशी इंग्रजांची छोटी वस्ती होती, तिला १२८४ मध्येच सनद मिळालेली. बंड पेटल्यावर ती कुटुंबं तटाच्या आत येणं अगदी साहजिक आहे. ३७ हा लढणाऱ्यांचा आकडा. त्यापलीकडे चुली पेटवणारी, पाणी ओढणारी, बाळं सांभाळणारी माणसं कथेत बिनधास्त आणा.

दर्यासारंग

कमी शिबंदीचा धोका कुठे असतो त्याचं उदाहरण शेजारच्याच कॉन्वीचं आहे, शंभरेक वर्षांनंतरचं. १ एप्रिल १४०१, गुड फ्रायडे. तेव्हा शिबंदी १५ घोडेस्वार आणि ६० तिरंदाज, म्हणजे तुमच्या दुप्पट. पण जवळजवळ सगळे गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेले होते आणि दरवाजावर दोघेच. राइस आणि ग्विलिम या ट्यूडर भावांची माणसं सुतार म्हणून कामाला आल्याचं सोंग करून दाराशी आली, दोघांना मारलं, आणि चाळीस जणांनी आख्खा किल्ला घेतला. परत मिळवायला इंग्रजांना जूनअखेर उजाडला, तोही तहाने. त्या तहात भावांनी आपलीच नऊ माणसं मरणाला सोपवली.

तट कितीही उंच असो, दारात कोण उभं आहे त्यावर सगळं.

मृगनक्षत्र

काय लिहू! अ‍ॅग्नेसबद्दल मला काहीच माहिती नव्हतं, तिच्यासाठी नवीन प्रकरण काढावं लागणार. रानजाईताई, मनापासून आभार.

जुनी वही, अजून थोडा त्रास देते. लढाई नसेल त्या दिवशी हे ३७ जण करतात काय? आणि माझ्याकडे फेब्रुवारीअखेरचा एक प्रसंग आहे. समुद्रातून जहाज येतं, सगळे मोठ्या दिवाणखान्यात जमतात, हरणाचं मांस भाजतात. तो कसा वाटतो?

जुनी वही

रानजाई, अ‍ॅग्नेस आणलीत ते फार चांगलं केलंत. खडकवाट, तुमचं म्हणणं मान्यच. रॉचेस्टरला सरदार स्वतः येऊन बसले होते, हार्लेखला बसलेले पगारी नोकर होते. फरक तिथूनच पडतो.

आधी जेवण. १२९५ मध्ये ईस्टर ३ एप्रिलला होता, म्हणजे उपासाचा काळ १६ फेब्रुवारीपासून सुरू. त्या सगळ्या आठवड्यांत मांस नाही, आणि पाद्री आत असताना तर शक्यच नाही. हरीण काढा, खारवलेलं हेरिंग घाला. वाटाणे, घेवड्याच्या दाण्याचं पातळ कालवण, भाकरी, आणि एल नावाची बिअर. ही एल फार दिवस टिकत नाही, सारखी नव्याने करावी लागते. म्हणून जहाजातून माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, उतरलं नाही तर आठवड्यात सगळ्यांच्या लक्षात येतं. हेरिंग पिंपात मिठाने घट्ट बसलेलं असतं. एकेक सोडवून रात्रभर पाण्यात ठेवायचं, नाही तर तोंडात धरवत नाही. पोराच्या हाताला हे काम द्या. खारट पाण्याने भेगाळलेली बोटं घेऊन तो सकाळी भात्यापाशी बसेल. भुकेच्या वर्णनाची चार पानं यापुढे फिकी पडतील.

त्याच हिवाळ्यात खुद्द राजाची गत याहून वेगळी नव्हती. एडवर्ड कॉन्वीत अडकला होता, सामानाच्या गाड्या वेल्शांनी लुटल्या, पाणी चढलेलं म्हणून उरलेली फौज नदीपलीकडे. आत दारूचं एकच छोटं पिंप होतं. ते राजासाठी बाजूला ठेवायला निघाले तेव्हा त्याने नकार दिला, अडचणीच्या वेळी सगळ्यांचं सारखंच, म्हणाला, आणि ते सगळ्यांत वाटून टाकलं. गिसबरोच्या बखरकाराने हे नोंदवलंय. तुमच्या किल्लेदाराच्या कानावर ही गोष्ट जहाजवाल्यांकडून जाऊ शकते.

आता दिवसाचं काम. सगळ्यात नाजूक वस्तू क्रॉसबोची दोरी. ती वाखाची, वरून मेण चोळलेली. समुद्रावरचा दमट वारा लागला की ढिली पडते, आणि ढिल्या दोरीचा बाण खंदकही ओलांडत नाही. दुरुस्तीवाला रोज दोऱ्या उतरवून विस्तवापासून बेताच्या अंतरावर वाळवतो, मेण लावतो, पुन्हा चढवतो. धनुष्य ताणायचं म्हणजे पुढच्या रिकिबीत पाय रोवायचा, वाकून कमरपट्ट्याचा आकडा दोरीत अडकवायचा आणि पाठ सरळ करत उठायचं. दिवसभर हे केलेला माणूस रात्री कसा झोपतो ते पोराला दिसू द्या. लोहाराकडे बाणांची टोकं, दारांच्या बिजागऱ्या, जाळ्या खेचायच्या रहाटाचे भाग. कोळसा जहाजानेच येणार, म्हणून भट्टी रोज पेटवायची की नाही हा किल्लेदाराच्या परवानगीचा प्रश्न होऊ शकतो.

पाथरवटाला उगाच बसवून ठेवू नका. लक्षात घ्या, १२९४ मध्ये हा किल्ला कोरा करकरीत आहे. बांधकाम संपून पाचच वर्षं झालीत. शेवाळ नाही, पडझड नाही. बुरुजांवर परांचीच्या लाकडांची भोकं दिसतात, आणि ती आडव्या ओळीत नसून बुरुजाभोवती तिरकी चढत जातात. ही सॅव्हॉयकडची पद्धत, मास्टर जेम्सबरोबर आलेली. लोहाराच्या पोराने लहानपणी त्या तिरक्या फळ्यांवरून दगड वर जाताना पाहिलेले असणार.

अधिकारी फ्रेंच बोलणारे, शिपाई बहुतेक इंग्रज, बाहेरून शिव्या येतात त्या वेल्श, पाद्रीचं लॅटिन वेगळं. पोराला दोन-तीन भाषा थोड्या थोड्या येत असतील तर निरोपे म्हणून त्याचा फार उपयोग होईल. दरवाजावर निशाण राजाचं: लाल रंगावर तीन सोनेरी सिंह. वाऱ्याने त्याच्या कडा विरतात, त्या शिवणारंही कोणी हवंच.

दिवाणखाना आतल्या चौकात पश्चिमेच्या तटाला लागून आहे, समुद्राच्या बाजूला. किल्लेदार मात्र राहतो पूर्वेला, दरवाजाच्या इमारतीत, वरच्या मजल्यांवर. म्हणजे निजतो तो शत्रूच्या अगदी तोंडावर. हे उलटं वाटेल, पण दार आणि जाळ्या उघडायचा हुकूम त्याच्याच हातात राहावा म्हणून ते तसं आहे.

आणि जहाजाचा प्रसंग ठेवाच, तो या वेढ्याचा प्राण आहे. आजचे फोटो पाहून फसू नका. आज किल्ल्याखाली सपाट जमीन आणि वाळूच्या टेकड्या दिसतात, समुद्र दूर सरकलाय. तेव्हा तो खडकाच्या पायथ्याशी होता. तिथे पाण्याकडचा दरवाजा, आणि तिथून कडा वळसे घेत वर जाणारी, तटाने राखलेली शंभराहून अधिक पायऱ्यांची वाट. आयर्लंडहून धान्य आलं ते याच वाटेने वर गेलं. पिंपं, पोती, मिठाचे दगड, सगळं माणसांच्या पाठीवर. तेव्हा ३७ मधले निम्मे तरी पायऱ्यांवर असणार, आणि पूर्वेच्या तटावर त्या वेळी किती जण उरतात ते तुम्हीच मोजा. मादोगच्या माणसांनाही शिडं दिसतच असणार. प्रसंग रात्री घडवायचा की दिवसा ते आधी ठरवा. दिवसा घडवलात तर दरवाजावर लोहाराला उभं करावं लागेल.

मृगनक्षत्र

दिवसा घडवते. लोहार दरवाजावर, पोरगा पायऱ्यांवर. हेरिंग आजच लिहायला घेते.